विळ्यावर तांबं चढतं तेव्हा: आम्ल, आम्लारी, क्षार आणि धातूंची क्रियाशीलता घरच्या सामानातून

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचं बुरशीनाशक, तयार करणारा जुना शेतकरी फवारणीआधी एक साधी परीक्षा घेतो. घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवतो. पात्यावर लालसर थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पातं तसंच राहिलं तर पंप भरायला हरकत नाही.

शाळेत आम्ल-आम्लारी एका धड्यात असतात आणि धातूंची क्रियाशीलता दुसऱ्या. मुलं दोन्ही वेगवेगळे पाठ करतात. विळ्याच्या पात्यावर मात्र दोन्ही धडे एकाच वेळी तपासले जातात. पहिल्या धड्यात हायड्रोजन आयनची देवघेव चालते, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनची. पुढचा प्रत्येक प्रयोग करताना "इथे देवघेव कशाची चालली आहे?" एवढा एकच प्रश्न विचारत राहा. आठवी ते दहावीच्या मुलांना, त्यांच्या पालकांना आणि प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतल्या शिक्षकांना हे सगळं दोन सुट्ट्यांच्या दिवसांत करता येतं.

सामान आणि ते कुठून आणायचं

किराणा दुकानातून: व्हिनेगर (बाटलीवर अॅसिटिक अॅसिडचं प्रमाण छापलेलं हवं), खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, नवसागर (अमोनियम क्लोराइड), हळद, मीठ. पानपट्टीवरून किंवा किराणातून विझवलेला चुना. कृषी सेवा केंद्रातून मोरचूद, सगळ्यात लहान पुडी पुरते. भाजी मंडईतून एक जांभळी कोबी, तिलाच काही जण लाल कोबी म्हणतात. हार्डवेअरमधून साधे लोखंडी खिळे आणि जस्त चढवलेले खिळे, तांब्याची वायर. औषध दुकानातून १० मिलिलिटरची सिरिंज, सुई नको. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा असेल तर काम नेमकं होतं.

पाणी ऊर्ध्वपातित घ्या. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात "बॅटरीचं पाणी" म्हणून मिळतं. तिथेच बॅटरीचं अॅसिडही मिळतं आणि ते सल्फ्युरिक आम्ल असतं, तेव्हा लेबल वाचूनच बाटली उचला. बोअरचं पाणी या कामाला चालत नाही. त्यातले विरघळलेले बायकार्बोनेट दर्शकाचा (रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणाऱ्या द्रावणाचा) रंग सुरुवातीलाच निळ्याकडे ओढतात आणि मग सगळे निष्कर्ष थोडे थोडे चुकत जातात.

डोळ्यांना चष्मा हवाच. सगळ्यांत जास्त धोका मोरचुदापेक्षा चुन्याचा असतो. चुन्याचा ठिपका डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. ताबडतोब वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं. कळीचा चुना, म्हणजे न विझवलेला, मुलांच्या हातात देऊच नका. पाणी लागताच तो उकळी फुटेपर्यंत तापतो आणि उडतो. संडास साफ करायचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

दर्शक: कोबी आणि हळद

जांभळ्या कोबीची १०० ग्रॅम पानं बारीक चिरा, २५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १० मिनिटं उकळा, गार झाल्यावर गाळा. गडद जांभळं पाणी मिळेल. भांडं स्टीलचं घ्या. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं. आंबूस वास आला की टाकून द्या, कारण आंबलेल्या दर्शकात स्वतःचंच आम्ल तयार झालेलं असतं.

हळदीसाठी एक चमचा हळद ५० मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, तासभराने वरचं पिवळं द्रावण वेगळं करा. जवळपास ज्योत नको. हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून स्पिरिट. या द्रावणात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. वहीचा किंवा छपाईचा कागद वापरू नका. त्यात भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, आणि कोबीच्या पाण्यात बुडवलेली पट्टी कशालाही न लावता निळसर-हिरवी पडते.

दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. कोबी बरीच मोठी श्रेणी दाखवते: तीव्र आम्लात लाल, सौम्य आम्लात गुलाबी, उदासीन पाण्यात जांभळी, सौम्य आम्लारीत निळी, मग हिरवी आणि अगदी तीव्र आम्लारीत पिवळी. हळद एकच रेष ओढते. सामू, म्हणजे पीएच, ७.४ च्या खाली पिवळी आणि ८.६ च्या वर तांबडी. आम्ल आणि साधं पाणी यांतला फरक ती सांगू शकत नाही. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं आणि आमटीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, ते याच कारणाने.

कोकमाचं आगळही रंग बदलतं, पण दर्शक म्हणून ते नको. ते स्वतःच इतकं आंबट असतं की समोरच्या थोड्याशा आम्लारीला ते आधी गिळून टाकतं आणि रंग उशिरा बदलतो. दर्शकाने तपासायच्या द्रावणात स्वतःची भर घालता कामा नये. म्हणूनच कोबीचं पाणीही २० मिलिलिटरला एक चमचा एवढंच.

आता रंगांची मोजपट्टी तयार करा. काचेच्या ग्लासांत प्रत्येकी २० मिलिलिटर द्रावण आणि एक चमचा कोबीचं पाणी घ्या. लिंबाचा रस साधारण सामू २ ते २.५, व्हिनेगर २.५ ते ३, खायच्या सोड्याचं पाणी ८.३, धुण्याच्या सोड्याचं सुमारे ११, चुन्याची निवळी १२.४. मागे पांढरा कागद धरून फोटो काढून ठेवा. पुढे अनोळखी द्रावणाचा रंग याच्याशी ताडायचा. सामूची ही मोजपट्टी १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसेनने एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करताना मांडली. तिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू ३ चं व्हिनेगर सामू ५ च्या द्रावणापेक्षा शंभरपट आम्ल असतं.

चुन्याची निवळी आणि मेलेला चुना

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम विझवलेला चुना टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी तळ न हलवता वरचं नितळ पाणी काठोकाठ भरेल अशा बाटलीत काढा. एका लिटरमध्ये जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, बाकी तळाशी राहतो, आणि ते चांगलंच आहे. तळाशी साका आहे म्हणजे वरची निवळी पूर्ण संपृक्त आहे. लवकर विरघळावा म्हणून पाणी गरम करू नका. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो.

निवळी नीट होत नसेल तर बहुतेक वेळा चुनाच मेलेला असतो. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू बनतो. परीक्षा सोपी आहे: वाटीभर व्हिनेगरमध्ये चमचाभर चुना टाका. जोरात फेस आला तर त्याचा बराच भाग खडू झालेला आहे. ताजा विझवलेला चुना जवळजवळ फसफसत नाही, मुकाट्याने विरघळतो.

थोड्या निवळीत तिच्या दहापट ऊर्ध्वपातित पाणी मिसळून नळीने फुंका. आधी ती दुधाळ होईल, कारण न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. थांबू नका, फुंकत राहा. हळूहळू ती परत नितळ होते, कारण जास्तीचा वायू त्याच कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट करतो. हेच पाणी उकळलं की पुन्हा गढूळ. बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये साचणारा पांढरा थर याच तिसऱ्या पायरीचा असतो.

थेंबाथेंबाने उदासिनीकरण

इथे घाई करू नका. रंग बदलला म्हणून टाळ्या वाजवणं आणि किती थेंबांनी बदलला ते मोजणं, यांत फार अंतर आहे.

एका ग्लासात नेमकं १ मिलिलिटर व्हिनेगर घ्या. २० मिलिलिटर पाणी आणि हळदीच्या द्रावणाचे पाच-सहा थेंब घाला. सिरिंजमध्ये निवळी भरून थोडी थोडी सोडत ग्लास फिरवत राहा. निवळी पडते तिथे तांबडी रेघ उमटून विरेल. रेघ विरायला वेळ लागू लागला की थेंब थेंब सोडा. अर्धा मिनिट टिकणारी नारिंगी-तांबडी छटा आली की थांबा आणि किती मिलिलिटर लागले ते लिहा. ४ टक्के व्हिनेगरला साधारण १६ ते १७ मिलिलिटर लागतात. लागलेल्या मिलिलिटरला ०.२४ ने गुणलं की व्हिनेगरची टक्केवारी मिळते. कारण १ मिलिलिटर संपृक्त निवळी सुमारे २.४ मिलिग्रॅम अॅसिटिक आम्ल उदासीन करते.

तीन वेळा करा. आकडे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त फिरत असतील तर दोष व्हिनेगर मोजण्यात असतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की एका मिलिलिटरमध्ये दहा-पंधरा टक्के चूक सहज होते. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात पण लेबलपेक्षा टक्केवारी बरीच जास्त येते, असं झालं तर निवळी उघडी राहून कमजोर झाली आहे. टक्केवारी कमी येत असेल तर व्हिनेगरच पातळ आहे.

कोबी सोडून इथे हळद का? व्हिनेगरचं आम्ल सौम्य आणि चुना तीव्र आम्लारी. दोघे बरोबरीत संपले तरी तयार झालेल्या क्षाराचं पाणी ७ वर थांबत नाही, साडेआठच्या आसपास जातं. हळदीची रेष नेमकी तिथेच आहे. "उदासिनीकरण झालं म्हणजे सामू ७" हे वाक्य पाठ केलेल्या मुलाला हा एक प्रयोग पुरे.

क्षार म्हणजे फक्त खारट नव्हे

मीठ, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी आणि नवसागर प्रत्येकी १ ग्रॅम, २० मिलिलिटर पाण्यात, कोबीचा एक चमचा. पाचही क्षार, पण रंग निरनिराळे. मीठ जांभळं राहतं, कारण त्याचे आई-बाप, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा, दोघेही तीव्र. सोडे निळे-हिरवे होतात, त्यांतलं आम्ल सौम्य होतं. तुरटी आणि नवसागर गुलाबीकडे झुकतात, त्यांच्या बाबतीत आम्लारी सौम्य होती. नवसागराचा फरक पुसट असतो, मिठाच्या शेजारी ठेवून बघा.

तुरटीचं पाणी आंबट का, हे कळलं की पावसाळ्यात गढूळ पाण्यात ती काय करते तेही कळतं. अॅल्युमिनियमचे आयन पाण्याशी क्रिया करून हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके बनवतात आणि हायड्रोजन आयन मोकळे सोडतात. पुंजके गाळ धरून खाली बसतात. २० लिटरच्या घागरीला अर्धा ग्रॅम तुरटी पुरते. जास्त घातली तर पाणी तुरट लागतं. तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. पंचगंगेला पूर आल्यावर निवळलेलं पाणीसुद्धा उकळूनच प्यायचं.

गुऱ्हाळावरची निवळी

करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळावर सामूचं महत्त्व डोळ्यांना दिसतं. उसाच्या ताज्या रसाचा सामू ५ ते ५.५ असतो. इतक्या आम्लात रस काहिलीत तासन्‌तास तापला तर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पडतात. तसा गूळ रवा धरत नाही, मऊ पडतो आणि पावसाळ्यात पाझरतो. म्हणून गूळ करणारा गुळव्या चुन्याची निवळी घालून रस साधारण ६.२ ते ६.४ वर आणतो. त्याच वेळी रसातली प्रथिनं गोळा होतात, भेंडीच्या चिकट पाण्यात अडकून मळी वर येते आणि ती काढता येते.

मग सामू थेट ७ च्या पुढे का नेत नाहीत? कारण रसात मुळातच थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, आणि आम्लारीत ते तापलं की काळसर पदार्थ बनतात. गूळ काळा होतो आणि चवीला खारवट लागतो. आम्ल जास्त तर गूळ मऊ, चुना जास्त तर काळा. मधली वाट अर्ध्या अंकाचीही नाही, आणि ती अंदाजाने गाठणारा गुळव्या हा मोठाच कारागीर. पण पीएच पट्टीचं पुडकं स्वस्त असतं, प्रत्येक गुऱ्हाळावर ते असायला हवं. पट्टी रसात टाकायची नाही. चमच्यात रस काढून, गार करून लावायची.

हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालून पिवळाधमक केलेला गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो. तिथे रंग काढून टाकलेला नसतो, रंगद्रव्याला इलेक्ट्रॉन देऊन तात्पुरता झाकलेला असतो. हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत काढून घेतो.

शेताचा सामू

कोल्हापूर जिल्ह्यात एका टोकाला आम्ल जमीन आणि दुसऱ्या टोकाला खारवट. गगनबावडा-राधानगरीकडे जोराच्या पावसाने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन गेलेली जांभ्याची लाल माती, शिरोळकडे पाण्याचा निचरा अडून क्षार वर आलेल्या काळ्या जमिनी.

वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती, २५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या, वरच्या पाण्याला पीएच पट्टी लावा. ६ च्या खाली आलं तर माती आम्ल, तिला चुना लागतो. ८.५ च्या वर आलं तर चोपण (मातीच्या कणांना सोडियम चिकटलेली जमीन) असण्याची शंका. तिथे जिप्सम, कारण जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं आणि मोकळं झालेलं सोडियम पाण्याने धुवून काढता येतं. निचरा नसेल तर ते सोडियम जाणार कुठे? म्हणून आधी चर, मग जिप्सम.

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथे: नुसत्या खारवट जमिनीचा सामू ८ च्या आसपासही असू शकतो. क्षार किती आहेत हे सामू सांगत नाही, त्यासाठी विद्युतवाहकता मोजावी लागते. खारवटाला जिप्सम घालून उपयोग नाही, तिला निचरा आणि गोडं पाणी लागतं. ओतण्याआधी माती परीक्षण करून घ्या.

धातूंची रांग

आता इलेक्ट्रॉनकडे. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद विरघळवा. प्लास्टिकचा किंवा काचेचा पेला. पाच लहान ग्लासांत वाटून घ्या आणि प्रत्येकात एक धातू टाका: पॉलिश कागदाने घासलेला साधा खिळा, जस्त चढवलेला खिळा, अॅल्युमिनियम फॉइलचा ५ सेंटिमीटरचा तुकडा, तांब्याची वायर, आणि मिळाला तर चांदीचा जुना तुकडा.

साधा खिळा काही मिनिटांत लालसर होतो. निळा रंग हळूहळू उतरून हिरवटपणा येतो. लोखंड विरघळतं, तांबं बाहेर पडतं. काहीच झालं नाही तर खिळ्यावर तेल आहे किंवा तो स्टेनलेस आहे. ५ ग्रॅम मोरचुदात सुमारे १.२७ ग्रॅम तांबं असतं आणि ते सगळं बाहेर काढायला १.१२ ग्रॅम लोखंड खर्ची पडतं. पण खिळ्यावर तांब्याचा थर चढला की आतल्या लोखंडापर्यंत द्रावण पोचत नाही, म्हणून अधूनमधून थर झटकावा लागतो. जस्ताच्या खिळ्यावर काळा थर दिसतो. तोही तांबंच आहे, फक्त इतका बारीक भुगा की लाल दिसत नाही.

तांबं आणि चांदी जशीच्या तशी राहतात. अॅल्युमिनियम? तेही गप्प, आणि इथेच मुलं गोंधळतात, कारण पुस्तकातल्या रांगेत ते जस्ताच्याही वर आहे. आता त्या ग्लासात अर्धा चमचा मीठ टाका. थोड्याच वेळात फॉइलला भोकं पडू लागतात, बुडबुडे येतात, लाल गाळ साचतो, ग्लास हाताला गरम लागतो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ कवच असतं, तेच त्याला वाचवतं. मिठातले क्लोराइड आयन ते कवच फोडतात. मीठ आणि आंबट दोन्ही असलेलं लोणचं अॅल्युमिनियमच्या डब्यात का ठेवायचं नाही, त्याचं हे उत्तर.

रांग अशी: मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन, त्याखाली तांबं, चांदी, सोनं. हायड्रोजनच्या वरचे धातू आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, खालचे काढत नाहीत. लिंबाच्या रसात जस्ताचा खिळा टाका, बारीक बुडबुडे दिसतील. तांब्याची वायर टाका, काही नाही. आता रसातच वायर खिळ्याला टेकवा. बुडबुडे वायरीवरून निघू लागतील! तांबं विरघळत नाही. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तांब्यातून वाहत येतात आणि हायड्रोजन आयनांना तिथे भेटतात. मधे मल्टिमीटर जोडला तर साधारण ०.९ व्होल्ट दाखवतो. लाल एलईडी पेटायला असे तीन-चार लिंबू एकापुढे एक जोडावे लागतात, आणि तोही अंधारात बघावा लागतो.

कळकणं आणि कल्हई

तांबं आम्लातून हायड्रोजन काढू शकत नाही, तर मग पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं कसं? हवेमुळे. ऑक्सिजन तांब्याचं ऑक्साइड करतो, ऑक्साइड हे आम्लारी, आणि ताकातलं आम्ल ते विरघळवतं. काळं पडलेलं ताम्हण चिंचेने उजळतं तीही हीच क्रिया, आणि चिंचेत चिमूट मीठ घातलं की ती लवकर होते. देवाच्या भांड्याला जे उपकारक, तेच जेवणात विष. चिंच लावलेलं भांडं लगेच धुवून कोरडं करा, नाहीतर ओल्या, आंबट पृष्ठभागावर हिरवा थर धरतो.

तांबडा-पांढरा रस्सा मोठ्या पातेल्यात रटरटायचा तर आतून कल्हई शाबूत हवी. काम असं चालतं: भांडं वाळू-राखेने किंवा पातळ आम्लाने घासून स्वच्छ करायचं, भट्टीवर तापवायचं, कथलाची कांडी टेकवल्यावर ती वितळली पाहिजे (कथील २३२ अंशांना वितळतं), नवसागराची पूड टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने कथील सगळीकडे फिरवायचं. नवसागर तापला की त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायू होतो. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचं ऑक्साइड खातो, कथील स्वच्छ धातूला बसतं. पांढरा धूर दिसतो तो हे दोन वायू पुन्हा एकत्र येऊन बनलेला नवसागरच. कल्हई डागाडागांनी बसली तर ऑक्साइड नीट निघालेलं नाही. पिवळट, भुकटीसारखी झाली तर भांडं जास्त तापलं.

कथील रांगेत तांब्याच्या वर आहे, म्हणून ओरखडा पडला तर आधी कथील झिजतं आणि तांबं वाचतं. तरीही लाल धातू मोठ्या भागात दिसू लागला की त्यात आंबट शिजवणं थांबवा. कथील शुद्ध आहे, शिसं मिसळलेलं नाही, ही खात्री कल्हईवाल्याकडून करून घ्या. शिसं स्वस्त असतं, ते मिसळलं की कथील लवकर वितळतं, आणि मुलांच्या मेंदूला ते घातक असतं.

हुपरीच्या चांदीच्या कामात हीच रांग उलट्या बाजूने उपयोगी पडते. चांदीची धूळ आणि तुकडे नायट्रिक आम्लात विरघळवले की त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या टांगायच्या. तांबं विरघळून द्रावण निळं होतं आणि चांदी करड्या भुगा-रूपात पट्टीवरून गळून पडते. १ ग्रॅम तांबं सुमारे ३.४ ग्रॅम चांदी बाहेर काढतं. नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो, आणि त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. हा प्रयोग घरी किंवा वर्गात अजिबात नाही.

पुन्हा विळ्याकडे

५०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद. दुसऱ्या भांड्यात ५०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम ताजा विझवलेला चुना. दोन्ही भांडी प्लास्टिकची. लोखंडी बादली घेतली तर तांबं बादलीवरच चढतं.

चुन्याचं पाणी प्रत्येक वेळी तळापासून ढवळून मोरचुदात ५० मिलिलिटर घाला, म्हणजे १ ग्रॅम चुना. आकाशी गाळ धरेल. ढवळा, घासलेला खिळा मिनिटभर बुडवा: लाल. आणखी ५०: लाली पुसट. १२० ते १५० मिलिलिटरच्या दरम्यान, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम चुन्याला, खिळा स्वच्छ निघतो. हळदीच्या पट्टीचा रंगही याच सुमाराला पालटू लागतो. आम्लधर्मी मोरचुदाचं उदासिनीकरण झालं, तांबं हायड्रॉक्साइड आणि आम्लारीयुक्त सल्फेट बनून गाळात गेलं, आणि लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घ्यायला द्रावणात कुणी उरलं नाही. मोकळं तांबं उरलं तर ते खिळ्यावर चढतं, आणि पानावर पडलं तर पान जाळतं.

मग शेतात १ टक्का मिश्रणाला १०० लिटरमध्ये १ किलो मोरचूद आणि तेवढाच चुना का? कारण बाजारातल्या चुन्यातला बराच भाग मेलेला किंवा खडे असतो, आणि थोडा जास्त चुना मिश्रण पानाला धरून ठेवतो. फवारणीसाठी क्रम मात्र उलटा ठेवा: चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी ओतत सतत ढवळायचं, म्हणजे गाळ बारीक राहतो. मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळ्यात गाळाचे कण मोठे होऊन नोझल तुंबतं.

उरलेलं कुठे टाकायचं

मोरचुदाचं कुठलंही पाणी गटारात, ओढ्यात किंवा रंकाळ्यात नको. अगदी थोडं तांबंही माशांना आणि शेवाळाला मारतं. सगळी निळी द्रावणं एका प्लास्टिकच्या बादलीत जमा करा. नवसागराचं पाणी त्यात मिसळू नका. चुना पडताच त्यातून अमोनिया सुटेल, गाळातलं तांबं पुन्हा विरघळेल आणि पाणी गडद निळं होईल. बादलीत मूठभर जुने खिळे टाकून रात्रभर ठेवा, मधून ढवळा. सकाळी खिळे आणि तांब्याचा भुगा काढून घ्या, हळदीची पट्टी लाल होईपर्यंत चुना घाला आणि दिवसभर निवळू द्या. साका जुन्या कापडातून गाळून, वाळवून, पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्या. वरच्या नितळ पाण्यात घासलेला खिळा तासभर ठेवा. तो लाल झाला नाही, तरच हळदीची पट्टी पिवळी राहीपर्यंत व्हिनेगर घालून ते पाणी मोरीत ओता.